ओयख

मोठीमायचा आंगठा त्या दिवशी सात वेळा लागला नाही.

मी मोजले म्हणून सांगतो. पहिल्यांदा कोरडा, मग केसांवरून फिरवून (तेल लागलं की मशीन पकडते हे आमच्या सेंटरवरच्या सगळ्या बायांना पाठ आहे), मग ओल्या फडक्यानं पुसून, मग उजवा सोडून डावा, मग आंगठ्याच्या बाजूचं बोट, मग परत आंगठा, मग मशीनची वायर काढून परत लावून. झाले सात. दर वेळी लाल लाइट, दर वेळी स्क्रीनवर तेच की ठसे जुळत नाहीत, आणि मोठीमाय स्क्रीनकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती, कारण तिला अक्षर वाचता येत नाही पण माझं तोंड मी लहान होतो तेव्हापासून वाचता येतं.

डिसेंबर होता, वेचणीचे दिवस. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं कोणी जवळून पाह्यली नसतील तर सांगतो, पऱ्हाटीचं बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात, कापूस ओढताना त्या नखाच्या कडेला आणि पेरावर टोचतात, एकदा नाही, दिवसातून हजारदा, आणि महिना-दोन महिने हेच चालू असलं की पेरावरच्या रेषा घासून जातात, बारीक चिरा पडतात, चिरांमध्ये काळी माती जाऊन बसते. मशीनला ज्या रेषा पाहिजे त्या वावरातच राहून जातात.

"माह्याच आंगठ्यानं मले ओयखलं नाई का रे बाप्पा?" मोठीमाय म्हणाली. ओट्यावर नंबर लावून बसलेल्या बाया हसल्या, तीही हसली. एका योजनेची केवायसी होती, आंगठा नाही लागला तर ओटीपीचा पर्याय होता, आणि तिथं पुढं जे झालं ते मी शेवटी सांगतो कारण त्याच्याआधी बरंच सांगायचंय.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, दहावी-बारावीचा रिझल्ट, रेल्वेचं तिकीट, लग्नाचा बायोडाटा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि कोणाचा फेसबुकचा पासवर्ड हरवला तर तोही. शेती आहे चार एकर, कोरडवाहू, तिच्यावर बोलायला नको. गावातल्या जवळपास प्रत्येक घरातला एक तरी फोन माझ्या हातातून गेलेला आहे. कोणाच्या फोनला कोणता पॅटर्न आहे, कोणाचा ईमेल आयडी कोणत्या पोरीच्या नावानं काढलाय हे मला माहीत असतं, मी बोलत नाही, धंद्याचा नियम आहे. पण दिवसभर लोकांची ओळख टाईप करता करता माझं डोकं त्या एका शब्दावर येऊन अडकलंय.

ओळख. आमच्याकडं ळ चा य होतो म्हणून ओयख. या शब्दाची गंमत अशी की तू कोण आहेस ही पण ओळख आणि तुझी त्याच्याशी जानपहचान आहे का ही पण ओळखच. "माझी ओळख" आणि "माझी तिथं ओळख आहे" यात शब्द एकच. गावात हे दोन्ही खरोखर एकच होतं. तू कोण हे तू सांगायचंच नाही, चार लोक तुला जे समजतात तो तू. मोठीमाय कोण हे सांगायला गावात तिला कधी कागद लागला नाही, अंधारात खोकली तरी तीन घरं पलीकडची बाई सांगेल की कोण आहे. आधारचं पहिलं कार्ड आपल्याच महाराष्ट्रात वाटलं होतं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, आणि आमच्या गावात कॅम्प लागला तेव्हा मीच टेबल-खुर्च्या लावल्या होत्या. तेव्हा मोठेबाबा म्हणजे मोठीमायचे मालक म्हणाले होते, "माह्या गावात माहा फोटो काढून मलेच देऊन राह्यले." तेव्हा हसलो होतो.

गावातली नावं हा एक वेगळाच प्रकार. आमच्या गावात एका नावाचे पाच जण आहेत आणि पाचही आधारवर आडनावासकट जवळपास सारखेच दिसतात, पण गावाला कधी घोळ होत नाही कारण एक टेलरचा, एक नळवाला, एक मुंबईला सहा महिने राहून आला म्हणून बंबईवाला, एक लहानपणी विहिरीत पडला म्हणून हिरीतला, आणि एक नुसता लांबडा. बायांचं तर त्याहून पुढं, लग्न होऊन आली की तिचं नाव कोणी घेतच नाही, माहेरच्या गावावरून दिग्रसवाली, नेरवाली, उमरखेडवाली. पोरगं झालं की अमक्याची माय. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिचं खरं नाव मला बँकेचं पासबुक भरताना कळलं असं माझ्या बाबतीत तीनदा झालंय.

या नावात प्रेम असतं तसा जाचही असतो, आणि गावाबद्दल लिहिताना लोक हा जाच वगळतात. "कोनाचा रे तू?" हा प्रश्न आमच्याकडं कोणताही म्हातारा कोणत्याही पोराला विचारतो, बापाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न कोणत्या पुऱ्यातला, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पाणी कोणत्या भांड्यात येणार हे ठरायचं. लय जुनी गोष्ट नाही ही. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक मित्र, बौद्ध पुऱ्यातला, आता चाकणला कंपनीत आहे, त्याच्या प्रोफाइलवर फक्त पहिलं नाव आहे आणि मोटरसायकलचा फोटो. मी एकदा विचारलं आडनाव काहून नाही टाकलं बे. तो म्हणाला, "तिथं लोक मले पयले ऐकतात, मंग विचारतात." मला उत्तर सुचलं नाही. मी गावात आडनाव घेऊन फिरतो, मला कधी त्याचं ओझं झालं नाही, म्हणून मला ते दिसलंही नव्हतं.

त्याची ती नोकरी पण बघा कशी लागली. सख्खे नातेवाईक, मामा, काका सगळे म्हणाले बघतो, सांगतो. आणि लागली ती आयटीआयच्या बॅचच्या ग्रुपवरून, ज्या पोरानं मेसेज टाकला होता त्याचा चेहराही याला नीट आठवत नव्हता. मी मुक्त विद्यापीठातून बीए केलं समाजशास्त्र घेऊन, त्यात मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन माणसाचं वाचलं होतं, १९७३ सालचं, की नोकरीची खबर बऱ्याचदा जवळच्या माणसाकडून नाही तर लांबच्या, कधीतरी भेटणाऱ्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते तुलाही माहीतच असतं. परीक्षेत हे लिहून आलो होतो, खरं वाटलं ते मित्राची नोकरी लागल्यावर. गावात लांबची ओळख ठेवायला पूर्वी पैसा लागायचा, लग्नाला जावं लागायचं, टॉवेल-टोपी करावी लागायची. आता नुसतं ग्रुपमधून लेफ्ट व्हायचं नाही एवढंच.

फोन गावात आला तो दोन टप्प्यांत आला. आधी साधे फोन, ज्यात पैसा बोलण्याचा लागायचा म्हणून लोक बोलायचेच नाही, मिस कॉल द्यायचे. एक मिस कॉल म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला ये. मोठेबाबा वावरात असले की संध्याकाळी मोठीमाय एक मिस कॉल द्यायची, म्हणजे भाकर झाली, या. मोठेबाबा तो उचलायचे नाही, उचलला तर पैसे कटतात, नुसते उठून बैल सोडायचे. पूर्ण संसार त्या एका रिंगवर चालला, एक रुपया न लागता. आणि मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, फुकट नेट, आणि पुढच्या वर्षभरात गाव बदललं. आमच्याकडं रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर यायची, तर रात्री दहा वाजता जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक एक उजेड, वरच्या पायरीला जास्त कांड्या म्हणून वरची पायरी मिळवायला भांडणं. पोट्टे तिथंच बसून शिकले सगळं, चांगलं पण आणि बाकीचं पण.

माझी बायको पुसदकडची. गावाला ती पुसदवाली, पोराच्या शाळेत पोराची मम्मी, आणि माझ्या फोनमध्ये तिचा नंबर मी "घर" म्हणून सेव्ह केलेला होता. लाज वाटते आता पण होता. तिच्या फोनमध्ये मी "सेंटर". हिशोब बरोबर. २०१८ मध्ये तिला कोणीतरी शोधून तिच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपमध्ये टाकलं. शोधायला त्यांना दोन वर्षं लागली म्हणे कारण लग्नानंतर आमच्याकडं तिचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं, आडनाव तर बदलतंच. जुन्या नावाची पोरगी कुठं नव्हतीच, ना मतदार यादीत ना फेसबुकवर. मग तिच्या भावाच्या फ्रेंडलिस्टमधून कोणीतरी लग्नाचा फोटो शोधला.

त्या दिवशी रात्री जेवण वाढताना तिच्या फोनवर टिंग टिंग टिंग चालू, आणि ती हसत होती. मी विचारलं काय झालं तर म्हणाली काही नाही. आता माणूस म्हणून सांगतो, मला ते "काही नाही" आवडलं नाही. पुढचे पंधरा दिवस मी तिचं लास्ट सीन बघायला लागलो. सेंटरवर बसून, घर चारशे पावलांवर असताना, मी माझ्या बायकोचं लास्ट सीन बघत होतो. अकरा वाजून बारा मिनिटं. साडेअकराला मी मेसेज टाकायचो, "स्वयंपाक झाला का", आणि निळी टिक येते का बघत बसायचो. शेवटी एका रात्री ती झोपल्यावर मी तिचा फोन उघडला, पॅटर्न मलाच माहीत असणार, मीच टाकून दिला होता.

ग्रुपमध्ये काय होतं? गुड मॉर्निंग, गणपती, कोणाच्या तरी पोराचा पहिला वाढदिवस. आणि एक जुना फोटो, फोटोचा फोटो काढलेला, कोपऱ्यात फ्लॅशचा पांढरा गोळा. तालुक्याची खो-खोची टीम. नऊ पोरी उभ्या, तीन खाली बसलेल्या, मधोमध कंबरेवर हात ठेवून माझी बायको, केस घट्ट दोन वेण्यांत, आणि गुडघ्याला केवढी मोठी पट्टी. खाली सगळ्यांनी लिहिलं होतं, कॅप्टन, कॅप्टन, आमची कॅप्टन कुठं गायब होती. ती गुडघ्याची खूण मी बारा वर्षं पाहत होतो. स्वयंपाकघरात भाजलं असेल असं धरून चाललो होतो, विचारलंच नव्हतं कधी.

फोन जागच्या जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी नंबर तिच्या नावानं सेव्ह केला, आणि नाव टाकताना अडलो की कोणतं टाकू, आमच्याकडचं की तिचं जुनं. तिला विचारलं. ती म्हणाली, "तुमाले जे बोलवाले सोपं जाईन ते टाका." यात राग होता का नव्हता हे मला अजून कळलेलं नाही. तिचं स्वतःचं प्रोफाइल आता दोन्ही नावांनी आहे, जुनं आधी.

लोक म्हणतात फोनवर माणूस खोटा दिसतो. माझ्या घरात तर खरी बाई फोनमध्ये होती आणि बारा वर्षं मी ज्या बाईशी बोलत होतो ती गावानं आणि मी मिळून बनवलेली होती. आणि दुसऱ्या बाजूला माझ्याच कॉम्प्युटरवर मी रोज लोकांना खोटं करून देतो, पन्नास रुपयांत. बायोडाटा. आमच्याकडं शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही हे आता सांगायची गोष्ट राह्यली नाही. दहा एकर ओलीत असो, विहीर असो, ट्रॅक्टर असो, पोरीवाल्यांचा पहिला प्रश्न नोकरी कुठं. पूर्वी सोयरीक जमवणारा एखादा मामा असायचा, तो दोन्ही घरी चहा प्यायचा, पोराची चाल बघायचा, घरात भांडी कशी वाजतात ते ऐकायचा. तो खोटं बोलायचा पण अंगावर घेऊन बोलायचा, लग्न फिसकटलं तर शिव्या त्यालाच. आता समाजाचा ग्रुप आहे, हजार-हजार लोकांचा, व्हॉट्सॲप १,०२४ पर्यंत घेते, दिवसाला तीस-चाळीस बायोडाटे पडतात, वर फोटो खाली उंची, गोत्र, अपेक्षा. एक पोरगा आला माझ्याकडं मागच्या उन्हाळ्यात. चांगला पोरगा, रात्री दोन वाजता लाइट आली की मोटार सुरू करायला जातो, साप-विंचू बघत नाही. म्हणाला, व्यवसायाच्या रकान्यात शेती काढा. मी म्हटलं मग काय टाकू. बराच वेळ विचार करून म्हणाला, "ॲग्रो बिझनेस टाका." मी टाकलं. दुसऱ्या महिन्यात आला, म्हणे आता ॲग्रो पण काढा. नुसतं बिझनेस राह्यलं. फोटो पण बदलला, आधी त्याच्या वावरात काढलेला होता, हिरव्यागार हरभऱ्यात, मग मी त्याला निळ्या पडद्यासमोर उभं केलं आणि कोट मी कॉम्प्युटरवर चढवला, टाय सकट. प्रिंट बघून तो स्वतःच म्हणाला, "हा कोन होय?" आणि पैसे देऊन घेऊन गेला.

एक आहे आमच्याकडं, सालदाराचं पोरगं, जागलीला जायचा रानडुकरांपासून चणा राखायला, आणि मचाणावर बसून बॅटरीच्या उजेडात टिकटॉक करायचा. एकटाच, रात्री, गाणी लावून, कधी बैलाशी बोलून. हजारोंनी लोक बघायचे म्हणे, कोणी कुठले. गावात ज्याला कोणी दोन वाक्यं बोलू देत नव्हतं त्याला लोक हिंदीत, गुजरातीत कमेंट करायचे. २९ जून २०२० ला सरकारनं एकोणसाठ ॲप बंद केली त्यात ते गेलं. तो सेंटरवर आला, म्हणाला दादा काढून द्या ना माहे व्हिडिओ. माझ्या हातात काहीच नव्हतं. आता गंमत बघा, गावानं तेवढ्या काळात त्याचं नाव टिकटॉक पाडलं होतं. ॲप गेलं, नाव राह्यलं. आता लग्न झालंय, दोन पोरं आहेत, आणि त्याची पोरं टिकटॉकची पोरं म्हणून ओळखली जातात, ते काय असतं हे त्यांना माहीत नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी मी सहसा सांगत नाही. २०१८ चा जून. पोरं पळवणारी टोळी आली असे व्हिडिओ सगळीकडं फिरत होते, आमच्या गावाच्या ग्रुपवर पण, आणि एक मी पण पुढं ढकलला होता, लिहिलं होतं "खरं खोटं माहीत नाही पण सावध राहा". हे वाक्य लिहिलं की माणसाला वाटतं आपली जबाबदारी संपली. त्याच आठवड्यात आमच्या गावात एक बहुरूपी आला. ज्यांनी पाह्यला नसेल त्यांना सांगतो, बहुरूपी म्हणजे वेष घेऊन येतो, कधी पोलिस, कधी डॉक्टर, दारात उभा राहून दम देतो, चला ठाण्यात चला, बाया हसतात, पसाभर ज्वारी देतात. त्याचा धंदाच खोट्या ओळखीचा, आणि तो चालतो कशावर तर गावाला त्याची खरी ओळख असते यावर. हा पोलिसाच्या ड्रेसमध्ये आला. पानठेल्यावरच्या पोट्ट्यांनी, वीस-बावीसची पोरं सगळी, त्याला घेरलं. कार्ड दाखव. नकली पोलिस. कोणीतरी व्हिडिओ काढायला लागलं. त्यानं हसून त्याचा डायलॉग सुरू केला, त्याला वाटलं खेळ रंगतोय. एकानं कॉलर धरली तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

मी सेंटरच्या दारात उभा होतो. मी गेलो नाही लगेच. मी बघत होतो.

गेले ते मोठेबाबा. बंडीवरून उतरून सरळ आत घुसले आणि त्या बहुरूप्याकडं बघून म्हणाले, "तुहा बाप कोठी हाय? यंदा नाई आला थो?" तो म्हणाला, "वारला जी, दिवाळीच्या आंगं." मोठेबाबांनी पोरांकडं वळून सांगितलं, "याचा बाप माह्या लग्नात आल्ता, डाक्टर बनून." बस. कॉलर सुटली. कोणीतरी चहा मागवला. पोरं वाईट नव्हती, आजही रोज दिसतात, फक्त त्यांना तो माणूस ओळखता येत नव्हता आणि मोबाईलनं त्यांना एक दुसरीच ओळख आधीच देऊन ठेवली होती.

चार-पाच दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावानं पाच जणांना जिवानिशी मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी, सोलापूरकडची. त्याच अफवेवरून. तिथं मोठेबाबा नव्हते. मी तो व्हिडिओ ग्रुपमधून डिलीट करायला गेलो तर मुदत संपलेली होती, फक्त माझ्याच फोनमधून जात होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्ड करणं एका वेळी पाच चॅटपुरतं आणलं. माझा एक आधीच गेलेला होता.

असं नाही की फोनशिवाय आम्ही एका गावातून दुसऱ्या गावाशी जोडलेले नव्हतो. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, आणि दरवर्षी पुण्यतिथीला बरोबर ४:५८ ला लोक जिथं असतील तिथं मौन घेतात, गुरुकुंजात लाखांनी जमतात ते वेगळे. मोठेबाबा वावरात असले तरी टोपी काढून धुऱ्यावर उभे राहायचे, सूर्यावरून आणि कोणाच्या तरी घड्याळावरून अंदाज घेऊन, पाच मिनिटं इकडं तिकडं होत असतील. लहानपणी मी त्यांच्या बाजूला उभा असायचो आणि ते सांगायचे की आता पलीकडच्या शिवारातला तो पण उभा असन. दिसायचं नाही कोणी. गेल्या वर्षी ४:५८ ला ग्रुपवर दोनशे हात जोडलेले आले, मी पण एक टाकला, झेरॉक्स काढता काढता, खुर्चीवरून न उठता.

मोठेबाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, दुसऱ्या लाटेत, यवतमाळला. बॉडी घरी आणू दिली नाही. मोठीमायनं त्यांना शेवटचं पाह्यलं ते व्हिडिओ कॉलवर, नर्सनं धरलेल्या फोनमध्ये, आणि तोंडावर मास्क होता म्हणून ती आजही म्हणते की थे होते का नोते मले का मालूम. त्यांचा फोन कपाटात ठेवला. रिचार्ज कोणी मारला नाही. रिचार्ज नसला की काही महिन्यांनी कंपनी नंबर बंद करते आणि मग तो दुसऱ्याला देऊन टाकते, हे मला माहीत होतं, दिवसातून चार जणांना सांगतो मी हे, पण घरच्या नंबरच्या बाबतीत डोक्यात आलं नाही.

दीड-एक वर्षानं एक दिवस मी फोनमध्ये कोणाचं तरी नाव शोधत होतो, आणि मोठेबाबांच्या नावापुढं एका पोरीचा फोटो. काळा गॉगल, मागं कुठलातरी धबधबा. नाव माझ्या फोनमध्ये मोठेबाबाच. भावांना दाखवलं, त्यांच्या फोनमध्ये पण तसंच, सगळ्या खानदानात एकाच वेळी मोठेबाबांनी गॉगल लावला होता. हसावं का काय करावं कळेना. कोणी नंबर डिलीट केला नाही पण. मी पण नाही.

तर आता मोठीमायच्या केवायसीवर येतो. आंगठा लागला नाही म्हणून ओटीपी पाठवला, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. खेड्यात काय होतं, घरात एकच फोन असायचा तेव्हा कॅम्पमध्ये सगळ्या घरादाराला तोच एक नंबर जोडला. स्क्रीनवर शेवटचे चार आकडे आले आणि मी ओळखले. मोठेबाबांचा.

म्हणजे मोठीमाय कोण आहे याची खात्री आता त्या गॉगलवाल्या पोरीकडं गेली होती.

मी फोन लावला. सगळं नीट सांगितलं, दारव्ह्यावरून बोलतो, सेंटर आहे, तुमच्या फोनवर एक सहा आकडी... तिनं कट केला. बरोबरच आहे, मीच सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, ओटीपी कोणालाही सांगू नका. परत लावला तर लागला नाही, ब्लॉक. मोठीमाय म्हणाली, "आन, मी लावतो." तिच्याकडं तिचा छोटा फोन असतो, बटनवाला, पिशवीत चुन्याच्या डबीसोबत. मी म्हटलं नंबर सांगतो, तर तिनं एक बटन दाबून धरलं. स्पीड डायल. मीच कधीतरी लावून दिला होता.

रिंग गेली. तिकडून लगेच उचलला, आणि ती पोरगी एकदम म्हणाली, "आजी?"

मला आधी वाटलं चुकून. मग हळूहळू कळलं. परभणीकडची होती, नर्सिंग करत होती. म्हणाली की हा नंबर घेतला तेव्हापासून रोज संध्याकाळी या फोनवरून एक मिस कॉल येतो, सात-साडेसातला. सुरुवातीला तिनं दोन-तीनदा उलटा लावला, इकडून कोणी बोललं नाही, नुसता चुलीचा आवाज यायचा आणि एकदा कोणीतरी बाई खोकली होती, म्हणून तिनं मनातच आजी ठरवून टाकली. ब्लॉक का नाही केला असं मी विचारलं, तिला ते विचित्र वाटलं असावं. म्हणाली, "एकच तर रिंग असते."

मी मोठीमायकडं बघितलं नाही. ओट्यावरच्या बाया पण गप्प झाल्या होत्या. मोठीमायनं फोन कानाला घट्ट धरून मोठ्यानं विचारलं, तिला वाटतं लांब असलं की मोठ्यानं बोलावं लागते, "जेवली काय वं माय?" पोरगी म्हणाली नाही अजून, ड्युटी आहे. मग मोठीमाय म्हणाली, "थे आकडे सांगतं काय याले, नाई त माही केवायशी होत नाई म्हनते हा."

तिनं सहा आकडे सांगितले, एक एक, सावकाश. मी टाकले. तोपर्यंत साइटनं बाहेर फेकलं होतं.

"परत पाठवतो," मी म्हटलं, "जरा थांबा लाइनवर."

"थांबते," ती म्हणाली.